कण्हणारी म्हातारी आणि मुका नवरदेव

घरी पाहुणा आला आणि डोक्यावरचा पंखा कुरकुरला, की माझी बायको अभिमानाने सांगते, "हे मोटरींचे डॉक्टर होते." पाहुणा माझ्याकडे बघतो, मग पंख्याकडे बघतो आणि चहा संपवून उठतो. मी डॉक्टर वगैरे कधीच नव्हतो. वायरमन म्हणून लागलो, पुढे लोक इलेक्ट्रिशियन म्हणायला लागले, आणि वाशीमच्या ज्या जिनिंग फॅक्टरीत माझी उमेदीची वर्षं गेली, तिथल्या बाया मला शेवटपर्यंत 'लाइटवाले भाऊ' म्हणत. मोटरी माणसांइतक्याच हट्टी असतात. पण बिघडल्या तर निदान कुठे बिघडल्या ते खोलून बघता येतं.

गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या दशकातली. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि गावात वीज होती, म्हणजे असायची. गावाबाहेर डिझेल इंजिनांचं एक छोटं पॉवरहाऊस होतं. त्यातून गावाला दिवे, दोनचार पिठाच्या गिरण्या आणि आमची जिनिंग, एवढा पसारा चाले. जिनिंग म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. शेतातून येतो तो कापूस सरकीसकट. त्यातली सरकी काढून रुई मोकळी करणारं यंत्र म्हणजे रेचा. आमच्या दालनात भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबच लांब लोखंडी शाफ्ट फिरायचा, त्यावरून पट्टे उतरायचे, आणि प्रत्येक पट्ट्याखाली एक रेचा आणि प्रत्येक रेच्यापुढे एक बाई. बाईने कापूस टाकत राहायचा, पुढून रुई निघायची, खालून सरकी. शाफ्टच्या एका टोकाला मोटर. सगळी फॅक्टरी त्या एका मोटरीच्या जिवावर.

ती मोटर इंडक्शन जातीची होती. बाया तिला 'म्हातारी' म्हणत, कारण ती कण्हायची.

आता हे कण्हणं समजून घ्या, कारण पुढची सगळी भानगड त्यावर उभी आहे. मोटरीच्या बाहेरच्या अंगात तारांची वेटोळी असतात. त्यात तीन फेजची वीज सोडली की एक चुंबकी जोर आतल्या आत गरगर फिरायला लागतो. दिसत काही नाही, पण फिरतो. मधला जो गडी असतो, रोटर, तो या फिरत्या जोरामागे धावतो. कडब्याने भरलेल्या गाडीमागून बैल चालतो तसा. गाडी पुढे, बैल मागे, तोंड पोचत नाही पण पाय थांबत नाहीत. गंमत अशी की इंडक्शन मोटरीत रोटरने त्या जोराला गाठलंच, तर त्याच्यातली वीजच नाहीशी होते आणि ताकद संपते. म्हणून तो कायम थोडा मागे राहतो. मागे राहण्यातच त्याची भाकरी आहे. सरकारी खात्यात मी असे पुष्कळ लोक पाहिले.

काम वाढलं की हा रोटर आणखी मागे पडतो. म्हणजे वेग जरासा उतरतो, शाफ्ट मंदावतो, पट्ट्यांचा आवाज जाड होतो आणि मोटर 'हूंऽऽ' करते. कापूस ओला आला किंवा बायांनी जास्त भरला, की म्हातारी कण्हायची. मग मुकादम ओरडायचा, "हात आवरा!" सगळ्या बाया कापूस टाकणं थांबवायच्या, मुकादमाच्या हुकमाने पट्टे नुसत्याच फिरणाऱ्या मोकळ्या पुलीवर सरकून रेचे थांबायचे, म्हातारी दम घ्यायची, वेग परत यायचा, आणि मुकादम म्हणायचा, "चालू द्या!"

हा मुकादम म्हणजे किसन. बायांसमोर वाघ आणि शेठसमोर पायपुसणं. त्याच्या कारकिर्दीत एकदा म्हातारी जळली होती. त्यानंतर शेठने त्याला चारचौघांत जे बोलून घेतलं, त्याने तो इतका धसकला होता की मोटर कण्हली की तो धावत जायचा, तिच्या अंगाला उलटा हात लावायचा, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा, आणि ती पुरती निवेपर्यंत तंबाखू मळत तिच्यापाशी बसून राहायचा. तोवर सगळं दालन थांबलेलं.

बायांची टोळी मेडशीकडची. हंगामाला यायच्या, फॅक्टरीच्या आवारात खोपटी बांधायच्या आणि कापूस संपला की परत जायच्या. टोळीची म्होरकी भागाबाई. उंच, हडकुळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि जिभेला हाड नाही. पहिल्याच दिवशी मी दालनात तारा ओढत शिडीवर होतो, तर खालून म्हणाली, "लाइटवाले भाऊ, पडसान तं कापसात पडजा. रेच्यात पडले तं तुमची बी सरकी निघन."

आता पॉवरहाऊसचं दुखणं सांगतो. संध्याकाळी आमची जिनिंग चालू असली की गावातले दिवे मलूल व्हायचे. पॉवरहाऊसचे इंजिनियर टेंभेकर साहेब एकदा सायकलवरून आले आणि शेठपुढे बसले. टेंभेकर तसे तरुणच. अंगाने काडी, चष्मा जाड, आणि बोलणं इतकं सरळ की शेठलोकांना ते उर्मट वाटायचं.

"शेठजी, तुमची मोटर काम करायला जेवढी वीज लागते तेवढीच घेत नाही," ते म्हणाले. "तिला स्वतःचं चुंबक नाही. ते तयार करायला ती आमच्याकडून जास्तीचा करंट ओढते आणि परत पाठवते, परत ओढते, परत पाठवते. त्यातून कापसाचं एक बोंडही पिंजलं जात नाही, पण माझ्या तारा आणि माझं जनित्र त्या ओझ्याने तापतं."

शेठ म्हणाले, "भाई, परत भेजती है ना? फिर झगडा किस बात का?"

टेंभेकरांनी चष्मा काढून पुसला. शेठचं नाव हस्तीमल. देहाने नावाला जागणारे, स्वभावाने देवभोळे, आणि डोकं एकाच दिशेने चालणारं. टेंभेकर म्हणाले, "समजा, शेजारी रोज तुमचा घोडा नेतो आणि रोज आणून बांधतो. परत मिळतो ना? पण तुम्हाला बाजारात जायचं असतं तेव्हा घोडा असतो का?" हे मात्र शेठला पटलं. टेंभेकरांनी उपाय सांगितला, सिंक्रोनस मोटर. शेठच्या मेहुण्याने खानदेशातल्या एका बंद पडलेल्या गिरणीतून तसली मोटर मिळवली सुद्धा.

ती मोटर रेल्वेने आली आणि जऊळक्याला उतरली. वाशीमला स्टेशन असताना जऊळक्याला का, हे मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. जऊळक्याहून ती बैलगाडीवर आणताना गाडीची दोन्ही चाकं रुतली. गावातले लोक मदतीला आले आणि मदत करण्याआधी त्यांनी मोटरीला पाया पडून घेतलं, कारण कोणीतरी सांगितलं की शेठने नवस फेडायला पोहरादेवीला द्यायची घंटा मागवली आहे. मी खरं काय ते सांगितलं असतं, पण पाया पडलेला माणूस जोर जास्त लावतो.

सिंक्रोनस म्हणजे बरोबरीने चालणारी. हिच्या रोटरला मागे राहायचं नसतं. त्याला वेगळी डीसी वीज देऊन स्वतःचं चुंबक करून ठेवतात. त्यासाठी मोटरीच्याच अंगावर एक छोटा डायनामो बसवलेला असतो, एक्सायटर. मग रोटरचं चुंबक त्या फिरत्या जोराचा हात धरतं आणि दोघे अगदी एका वेगाने फिरतात. फुगडीच आहे ती. ओझं वाढलं तरी वेग उतरत नाही. फुगडी घालणाऱ्या पोरी जशा मागे रेलतात, तसा रोटर जरासा मागे रेलतो, पण फेरा तोच. मात्र रेलण्याला मर्यादा असते. ती ओलांडली की हात सुटतो, आणि फुगडीत हात सुटला की काय होतं ते सगळ्यांनी अंगणात पाहिलेलं आहे.

दुसरी गोष्ट, ही मोटर आपणहून सुरू होत नाही. फिरता जोर इतका वेगाने समोरून जातो की उभ्या रोटरला हात धरता येत नाही. म्हणून तिच्यात इंडक्शनसारखा एक तांब्याच्या कांड्यांचा पिंजरा दिलेला असतो. त्याच्या बळावर आधी तिला मोकळीच पळवायची, वेग जवळजवळ जमला की डीसी द्यायची, आणि मग ती 'खट्' करून बरोबरीला येते. बायांनी हा सगळा थाट पाहिला. स्वतः उठत नाही, उठवायला माणसं लागतात, खुराक वेगळा, आणि एकदा चालायला लागला की कोणासाठी चाल बदलत नाही. भागाबाईने तिथल्या तिथे नाव ठेवलं, "हा तं नवरदेव हाये, बाप्पा."

नवरदेवासाठी शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला नवा पाया बांधला, कारण म्हातारीचा पाया त्याला तोकडा पडत होता. मुहूर्ताला भटजी, शेठचं सगळं खटलं, शेठाणीच्या हातात आरतीचं ताट. शेठने नारळ फोडला, मी स्टार्टर ओढला, आणि नवरदेव रेड्यासारखा डुरकला, थरथरला आणि जागचा हलला नाही. भटजी म्हणाले, घटका टळली असेल. शेठाणी म्हणाल्या, नारळ कुजका निघाला. मी बघितलं तर किसनने शोभा यावी म्हणून सगळे पट्टे आधीच रेच्यांवर चढवून ठेवले होते. नवरदेवाच्या पाठीवर अख्खं वऱ्हाड बसवलं आणि म्हणे चाल. पट्टे मोकळ्या पुलीवर सरकवले, पुन्हा ओढला, वेग आला, डीसी दिली, खट्. दालन एका सुरात वाजायला लागलं. त्या संध्याकाळी गावातले दिवे असे लख्ख पेटले की लोक घराबाहेर येऊन एकमेकांचे चेहरे बघत होते. शेठला स्वर्ग दोन बोटं उरला. त्यांनी म्हातारीला पायावरून उतरवून आवारात बाभळीखाली टाकलं आणि भंगारवाल्याला बोलावणं धाडलं.

थोडे दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी दालनात 'धाड् धाड् धाड्' असा आवाज झाला, जणू जमिनीखालून कोणी घणाचे घाव घालतंय. शाफ्ट हिसके द्यायला लागला, स्टार्टर सुटला आणि सगळं शांत. नवरदेवाचा हात सुटला होता. फुगडीतून तो बाहेर पडताना आमच्यापुरतं झालं असतं तर चाललं असतं. पण त्या झटक्यांबरोबर सगळ्या गावाचे दिवे लहानमोठे व्हायला लागले. चौकातल्या न्हाव्याने गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडवली. देवळात हरिदासबुवांचा भोंगा हुंदके द्यायला लागला, तर आख्यान सीतात्यागाचं असल्याने बायकांनी डोळ्यांना पदर लावले. टेंभेकर सायकल आमच्या दारात टाकून आत आले ते ओरडतच.

असं पुन्हा झालं, पुन्हा झालं. मी एक्सायटरचा खुराक वाढवला. डीसी जास्त दिली की चुंबकाची पकड घट्ट होते. झाली. पण त्यानंतर हात सुटला तो आणखी मोठ्या आवाजात. किसनने शेठच्या कानाला लागून निदान केलं, "शेठजी, बाया ठासून भरून राह्यल्या. मुद्दाम. यायले काढा. पोहरादेवीकडून दुसरी टोळी आनतो."

शेठ दालनात आले. शेठ बायांशी बोलत नसत, हवेशी बोलत. ते हवेला म्हणाले, "आता एकदा बंद पडली, तो बाजार के दिन पूरी टोली बाहेर. खोपटं सोडायचं, गाडीत बसायचं, मेडशी."

एरवी तोडीस तोड बोलणारी भागाबाई खाली मान घालून रेच्यातली रुई काढत राहिली, हे मला विचित्र वाटलं. तिच्या मागे सुभद्रा नावाची एक तरुण बाई रेच्याला धरून उभी होती. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. हंगामाच्या मधोमध काढलेल्या टोळीला दुसरीकडे कोणी उभं करत नाही. जिथे तिथे माणसं आधीच भरलेली. म्हणजे घरी जायचं आणि पुढच्या हंगामापर्यंत दुसऱ्याच्या बांधावर जे मिळेल ते.

मी मीटर घेऊन बसलो. मोटर किती करंट घेते ते दाखवणारा काटा. सकाळपासून तो एका जागी. बाया हात चालवत होत्या, गाणं म्हणत होत्या, काटा हलत नव्हता. ठासून भरणाऱ्या बाया अशा नसतात. दुपार टळली. मग एकाएकी काटा चढायला लागला. एका रेच्यामुळे काटा असा चढत नाही. सगळ्यांनी एकदम हात वाढवला होता, कवायतीचा हुकूम मिळावा तसा. पण हुकूम कोणी दिला नव्हता. किसन बाहेर होता. मी कान दिला. रेच्यांच्या खडखडाटात एकच जास्तीचा आवाज होता, कोपऱ्यात खांबाला बांधलेल्या झोळीतलं लेकरू रडत होतं. मी झटकन दोन रेच्यांचे पट्टे सरकवून ओझं उतरवलं आणि काटा मागे आणला. नाहीतर तेव्हाच सगळा निकाल लागला असता.

चहाच्या सुट्टीत मी भागाबाईला गाठलं.

"लेकरू रडलं की तुम्ही कापूस का वाढवता?"

"कोनतं लेकरू?"

"भागाबाई, मी काटा बघितला."

तिने किसन जवळपास नाही ना ते बघून घेतलं. मग म्हणाली, "किसनले सांगसान?"

"त्याला स्टार्टर कुठल्या बाजूला ओढायचा तेही मी सांगितलेलं नाही."

तेव्हा ती बसली. "चालत्या रेच्यावरून बाईले हटता येत नाई. रेचा रिकामा पयला तं त्याच्या रुळावरचं चामडं जयते, मग किसन वरडते. मंग लेकराले पाजाले कवा जा? तं आमी असं करो. लेकरू रडलं का सगळ्याजनी दाबून भरो. म्हातारी कण्हे. किसन म्हने हात आवरा. तो तिकडं मोटरीपाशी बसे, इकडं सुभद्री लेकरू पाजून घे. पाच-सात वर्स झाले, असंच चालून राह्यलं. माह्याही लेकराले असंच पाजलं मी."

"आणि आता?"

"आता हा मुका आला ना! लेकरू रडते, आमी भरतो, हा कण्हत नाई. मंग अजून भरतो. तरी कण्हत नाई. मंग अजून भरतो. मंग बंदच पडते, मुर्दा." तिचा आवाज बसला. "काहून कण्हत नाई तो, भाऊ? त्याले दुखत नाई का?"

मी तिला फुगडी सांगितली. ओझं कितीही वाढलं तरी वेग तोच, म्हणून आवाज तोच. रोटर आतल्या आत रेलतो, ते बाहेर कळत नाही, आणि मर्यादा ओलांडली की एकदम सुटतो. तिला ते लगेच कळलं. फॅक्टरीत शिकायला येणाऱ्या कॉलेजातल्या पोरांना समजवायला मला पुढे जास्त त्रास झाला, पण त्यांनी फुगडी घातलेली नव्हती. मला त्या वेळी राग आला होता, कोणाचा ते ठरवता येत नव्हतं. नवरदेवाचा येऊन काय उपयोग? तो त्याच्या धर्माने चालत होता.

मी पॉवरहाऊसवर गेलो आणि टेंभेकरांना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "सिंक्रोनस मोटरीच्या विरोधात इतका चांगला मुद्दा मला कोणी शिकवला नव्हता." मग कागद ओढून त्यांनी एक लांब रेघ मारली, ती मधोमध तोडली आणि दोन टोकांना दोन गोल काढले. शाफ्ट तोडून दोन टोकांना दोन मोटरी, मला तेच सुचलं होतं, पण ते शास्त्रात बसतं का याची खात्री नव्हती. ते म्हणाले, "बसतं. उत्तम बसतं. नवीन मोटरीला डीसी जरा जास्त दिली की तिला स्वतःला पुरून चुंबकाचा करंट उरतो. तो जुनीला मिळेल. जुनी माझ्याकडे मागायची नाही. माझे दिवे लख्ख राहतील. आणि कण्हायला तुमची म्हातारी मोकळी." चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "ती आहे ना अजून?"

मी सायकल दामटली. आवारात पोचलो तर भंगारवाल्याचे लोक म्हातारीला दोर बांधून फळीवरून गाडीत चढवत होते, आणि शेठ स्वतः उभे राहून मार्गदर्शन करत होते, म्हणजे सगळ्यांच्या पायात येत होते.

"शेठजी, ती देऊ नका!"

"क्यों? मर गई ना वो?"

मी श्वास घेतला आणि जन्मात कधी बोललो नव्हतो इतकं शुद्ध बोललो. "शेठजी, ओव्हर-एक्सायटेड सिंक्रोनस यंत्राला समांतर इंडक्शन भार दिल्याशिवाय पॉवर फॅक्टरचा तोल राहत नाही." यातलं अर्धं खरं होतं आणि उरलेलं भारदस्त होतं. मी पुढे म्हणालो, "म्हणजे नवरदेव एकटा ठेवला की बिथरतो. त्याच्या शेजारी घरातलं वडीलधारं कोणी पाहिजे."

शेठचे डोळे चमकले. "असं मराठीत बोल ना! हमारे जवाई भी ऐसेच थे." भंगारवाला पुष्कळ बोलला, पण म्हातारी उतरली.

शाफ्टच्या मधोमध एक जोड असतो, त्याचे बोल्ट काढले की एका शाफ्टचे दोन शाफ्ट. एका टोकाला नवरदेव, दुसऱ्या टोकाला जुन्या पायावर म्हातारी, दोघांकडे अर्धे अर्धे रेचे. भागाबाईने कोणाला न विचारता टोळीची वाटणी केली. लेकुरवाळ्या बाया म्हातारीकडे. किसनने विचारलं, "हे कायले?" ती म्हणाली, "यायचे हात हलके हायेत. म्हातारीले जड सोसत नाई." किसनला हे मुकादमीचं ज्ञान वाटलं आणि पुढे ते तो स्वतःचं म्हणून सांगत असे.

बाजाराच्या दिवशी सगळे जमले. शेठ खुर्ची टाकून बसले. टेंभेकर मीटरपाशी. आवाराबाहेर किसनने परस्पर बोलावलेली बैलगाडी उभी, टोळीला मेडशीला न्यायला. मी दोन्ही मोटरी सुरू केल्या. काटे स्थिर. रुई पडायला लागली. आणि लेकरू झोपलेलं! झोळीत पसरून, ढाराढूर. आम्हाला तर ते रडायला हवं होतं. एरवी सगळ्या गावाला उठवणारं ते पोर त्या दिवशी साधू झालं होतं. सुभद्रेच्या पोलक्यावर ओले डाग दिसायला लागले होते. ती एक हात रेच्यावर ठेवून झोळीकडे बघत होती आणि शेठ तिच्याकडे बघत होते. उद्या, परवा कधीतरी ते रडेल, पण म्हातारीचं कण्हणं म्हणजे बिघाड नव्हे, हे आज शेठच्या डोळ्यांसमोर दिसलं तरच टोळी राहणार होती.

मग ते रडलं. आधी कुरकुर, मग टाहो.

भागाबाईने मान वर केली नाही. नुसता हात वाढवला. त्या रांगेत सगळ्यांचे हात वाढले. माझी नजर काट्यावर. काटा चढला, शाफ्टचा आवाज जाड झाला, पट्टे मंदावले, आणि म्हातारी बाभळीखालचे सगळे दिवस आठवल्यासारखी कण्हली, "हूंऽऽऽ!"

"हात आवरा!" किसन किंचाळला. जुन्या धसक्याने त्याने दोन्ही रांगा थांबवल्या आणि तो म्हातारीकडे धावला. पलीकडे नवरदेव आपला त्याच चालीने फिरत राहिला.

शेठ खुर्चीतून उठले. "काय झालं? टूट गई?"

"नाही शेठजी," मी म्हणालो. "थकली ती. काम फार झालं. जरा दम घेऊ द्या."

शेठ म्हातारीपाशी गेले. किसन आधीच तिथे उकिडवा बसला होता. शेठ वाकले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिच्या तापलेल्या अंगावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभे राहिले. "बिचारी," ते म्हणाले. "दिवसभर खपते. घाई नको करू रे किसन. तिला पाहिजे तेवढा वेळ दे." त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते, मी थट्टा करत नाही.

त्यांच्या पाठीमागे, खांबाआड, सुभद्रा पाठ वळवून बसली होती आणि लेकरू चुटूचुटू पीत होतं. टेंभेकरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. दारातला गाडीवाला वाट बघून कंटाळला आणि बैल घेऊन रिकामाच गेला.

शेठ मोटरीला थोपटत होते. भागाबाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, पदराने हातावरची रुई झटकत.

"शेठ लय मायाळू हाये, भाऊ," ती हळूच म्हणाली. "फक्त मानसानं मोटर व्हा लागते."

तेवढ्यात किसन ओरडला, "चालू द्या!" आणि ती तिच्या रेच्याकडे गेली.